जीवाश्म वनस्पतीतली बुरशी: चर्ट कापण्यापासून नातं ठरवण्यापर्यंत

वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्राच्या प्रकल्प-अहवालांत एक वाक्य वारंवार भेटतं: ‘पेशींमध्ये बुरशीचे तंतू आढळले, यावरून मायकोरायझा असल्याचं सिद्ध होतं.’ कधी मायकोरायझाच्या, म्हणजे वनस्पती आणि बुरशीच्या परस्परफायद्याच्या भागीदारीच्या, जागी ‘परजीवी’ असतं. पुरावा मात्र दोन्हीकडे एकच, पेशीतला तंतू. एवढ्यावर काहीही सिद्ध होत नाही. तो तंतू जिवंत झाडाचा भागीदार असेल, त्याला जडलेला रोग असेल, झाड मेल्यावर ते कुजवायला आलेला असेल किंवा गेल्या पावसाळ्यात तुमच्या स्लाईडवर उगवलेला असेल. पहिल्या नजरेला हे चारही सारखेच दिसतात.

चूक बहुतेक वेळा क्रमात असते. आधी नाव शोधलं जातं, मग नातं ठरतं आणि तंतू खरोखर जुना आहे का हे कुणी तपासतच नाही. हा क्रम उलटा हवा: आधी वय, मग जागा, मग वनस्पतीचा प्रतिसाद आणि सगळ्यात शेवटी नाव. खालचे टप्पे चर्टमध्ये, म्हणजे सिलिकेच्या कठीण दगडात, अश्मीभूत झालेल्या वनस्पतींसाठी आहेत, कारण आपल्याकडे मिळणारं उत्तम साहित्य तेच आहे. दक्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्यांत, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, सिलिकाने पेशी न् पेशी जपल्या. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातलं मोहगाव कलान आणि आपल्या वर्धा जिल्ह्यातलं नवरगाव ही त्यांची ओळखीची ठिकाणं. तुलनेसाठी स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी चर्टचा आधार पुन्हा पुन्हा घेईन. तो साधारण ४०.७ कोटी वर्षांचा आहे आणि वनस्पती-बुरशी संबंधांचा इतका स्पष्ट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो.

टप्पा १: दगड निवडणं

शेतात जाण्याआधी विभागातलं कपाट उघडा. मध्य भारतातल्या आणि विदर्भातल्या कित्येक महाविद्यालयांत इंटरट्रॅपियन, म्हणजे लाव्हाच्या थरांमधल्या, चर्टचे तुकडे वर्षानुवर्षं पडून आहेत आणि ते वनस्पतीसाठीच तपासले गेलेत, बुरशीसाठी नाहीत. ठिकाणाची चिठ्ठी शाबूत असलेला जुना तुकडा हा चिठ्ठी नसलेल्या देखण्या तुकड्यापेक्षा कितीतरी मोलाचा.

नवीन दगड आणायचाच असेल तर जमीनमालकाची आणि लागेल तिथे सरकारी परवानगी आधी घ्या. मध्य प्रदेशातल्या दिंडोरी जिल्ह्यातलं घुघवा हे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथला दगड बघायचा, उचलायचा नाही.

चांगला चर्ट फोडल्यावर काचेसारख्या धारदार कडा देतो आणि ओला केला की खोडांचे, मुळांचे, पानांचे छेद भिंगातून दिसतात. विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. फसफसला तर दगडात कॅल्साइट आहे आणि पुढची पद्धत बदलावी लागेल.

जागेवरच तीन गोष्टी लिहा: अक्षांश-रेखांश, दगड थरातून काढला की शेतात सुटा सापडला, आणि थरातून काढला असेल तर त्याची वरची बाजू कोणती. वरच्या बाजूवर बाण काढा. मुळं जागेवर, उभी अश्मीभूत झाली होती की वाहून आली होती, हे नंतर या बाणावरूनच कळतं. वाहून आलेल्या मुळात कुजवणारी बुरशी असण्याची शक्यता खूप वाढते, म्हणून हा बाण नातं ठरवण्याच्या पुराव्याचाच भाग आहे.

सावधान: दगडाच्या बाहेरच्या भागावर आजचे दगडफूल आणि बुरशी वाढलेली असते आणि त्यांचे तंतू भेगांतून आत शिरतात. बाहेरची कवची आणि भेगांलगतचा भाग अभ्यासातून वगळा.

टप्पा २: कापणं

डायमंड ब्लेडने पाण्याखाली कापा. तेलावर चालणारं यंत्र असेल तर तुकडा नंतर नीट धुवावा लागतो, नाहीतर तेलाचे डाग राहतात आणि एपॉक्सी धरत नाही.

एकच आडवा छेद घेऊन थांबणं ही इथली नेहमीची चूक. आडव्या छेदात लांब धावणारा तंतू फक्त एक ठिपका म्हणून दिसतो आणि ठिपक्यावरून काहीच सांगता येत नाही. प्रत्येक अवयवाचे आडवा, त्रिज्यीय उभा आणि स्पर्शरेषीय उभा असे तिन्ही छेद हवेत. दगड लहान असेल तर आधी आडवे काप घ्या आणि उरलेल्या ठोकळ्यातून उभे.

ब्लेड जितकी जाड, तितका दगड प्रत्येक कापात पावडर होऊन जातो. म्हणून कापण्याआधी आणि प्रत्येक कापानंतर दोन्ही बाजू ओल्या करून फोटो काढा आणि कापांना ओळीने क्रमांक द्या. सलग कापांवरून मूळ कुठे सुरू होतं, कुठे संपतं हे जुळवता येतं.

सावधान: चर्ट म्हणजे सिलिका. तिची कोरडी धूळ फुफ्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कापणं आणि घासणं कायम ओलंच करा, योग्य मास्क लावा आणि टेबलावरची पावडर वाळण्याआधी पुसून घ्या.

टप्पा ३: छेद घासणं

इथे सगळ्यात जास्त नमुने वाया जातात, म्हणून सावकाश वाचा.

आपल्याकडे चर्टसाठी पील पद्धत पिढ्यानपिढ्या शिकवली गेली: हायड्रोफ्लोरिक आम्लाने पृष्ठभाग खायचा, ॲसिटोन ओतायचं, वर सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म लावायची आणि वाळल्यावर ओढून काढायची. झाडाच्या पेशीभित्तिकांसाठी ती चांगली आहे. बुरशीसाठी ती टाळा. नाजूक तंतूंना धरून ठेवणारी सिलिका आम्लात विरघळली की तंतू तुटतात, वाहून जातात, आणि तुम्ही ‘बुरशी आढळली नाही’ असं लिहून मोकळे होता. शिवाय पीलमध्ये खोली नसते. तंतू पेशीच्या आत आहे की वर पडलाय, हे फोकस खालीवर करून बघता येत नाही.

हायड्रोफ्लोरिक आम्लाबद्दल आणखी एक इशारा द्यायलाच हवा. ते त्वचेवर पडलं की कित्येकदा सुरुवातीला दुखतही नाही, पण आत झिरपून शरीरातल्या कॅल्शियमवर घाला घालतं आणि जीव घेऊ शकतं. फ्यूम हूड, योग्य हातमोजे, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि अनुभवी माणूस यांतलं एकही कमी असेल तर ती बाटली उघडू नका.

बुरशीसाठी पातळ छेदच करा. क्रम असा:

१. कापाची एक बाजू कार्बोरंडम पावडरने आधी जाड, मग बारीक अशी घासत न्या. पावडर बदलताना दगड, काच आणि हात स्वच्छ धुवा. जाड पावडरचा एक कण उरला तरी ओरखडा राहतो, आणि ओरखडा फोटोत तंतूसारखा दिसतो.

२. बाजू पूर्ण वाळवून ती एपॉक्सीने स्लाईडवर चिकटवा. एपॉक्सी सावकाश मिसळा. जोरात ढवळली की बुडबुडे धरतात.

३. उरलेला दगड कापून काढा आणि छेद घासत पातळ करा.

४. ५० ते १५० मायक्रोमीटर जाडीला थांबा.

भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत दिलात तर ते सवयीने ३० मायक्रोमीटरपर्यंत घासून देतील, कारण खनिजं ओळखायला तीच जाडी लागते. बुरशीसाठी ती फार कमी आहे. मोठा बीजाणू दोन्ही बाजूंनी कापला जातो आणि तो कोणत्या तंतूला जोडलेला होता तो दुवाच नाहीसा होतो. छेद देताना जाडी कागदावर लिहून द्या. जाडी मोजायला साधा मायक्रोमीटर स्क्रू गेज पुरतो: आधी रिकामी स्लाईड मोजा, मग छेदासकट मोजा, एपॉक्सीचा थर पातळ ठेवला असेल तर वजाबाकी जवळपास बरोबर येते.

कव्हरस्लिप लावू नका. तेलाचं ऑब्जेक्टिव्ह वापरताना इमर्शन ऑइल थेट घासलेल्या दगडावर घाला. छेद जाड वाटला तर पुसून पुन्हा घासता येतो.

तपासणी: ४० पट मोठं करून बघा. वनस्पतीच्या पेशीभित्तिका स्पष्ट दिसत नसतील तर बुरशी शोधायला जाऊ नका. जिथे पेशीच टिकल्या नाहीत तिथे तंतूंचं नातं कशाशी जोडणार?

टप्पा ४: तंतू जुना आहे हे आधी सिद्ध करा

छेद मद्यार्काने पुसा आणि तीच जागा पुन्हा बघा. तंतू हलला किंवा गेला, तर प्रश्न मिटला. आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि पावसाळ्यात, स्लाईडच्या डिंकावर, लेबलावर, जुन्या तेलावर बुरशी सर्रास वाढते.

तंतू टिकला तर फोकस खालीवर करा. जीवाश्म तंतू सिलिकेच्या आत खोलीत धावतो, पेशींच्या भिंतींशी त्याचा संबंध दिसतो आणि छेदाच्या वरच्या पातळीवर आला की तिथे तो कापलेला दिसतो. नवा तंतू पृष्ठभागावरच वळवळत जातो आणि पेशींच्या सीमांची त्याला पर्वा नसते. रंगही बघा: जुन्या तंतूचा तपकिरी किंवा पिवळसर रंग आसपासच्या पेशीभित्तिकांच्या रंगाशी मिळताजुळता असतो. तंतू भेगेच्या कडेने धावत असेल तर तो नोंदवा, पण पुरावा म्हणून वापरू नका.

मग फसवणाऱ्या गोष्टी एकेक करून वगळा.

मँगनीज आणि लोहाच्या ऑक्साइडच्या झुडपासारख्या फांद्या तंतूंसारख्या दिसतात. पण त्यांना भिंत नसते, आत पोकळी नसते आणि जाडी ठरावीक राहत नाही. पायराइटचे गोल पुंजके बीजाणूंसारखे दिसतात. खालून येणाऱ्या प्रकाशात ते पूर्ण काळे असतात, पण वरून प्रकाश टाकला की चमकतात. एपॉक्सीतले बुडबुडे अगदी वर्तुळाकार, जाड काळ्या कडेचे आणि फक्त गोंदाच्या पातळीवर असतात. साधारण १ मायक्रोमीटर जाडीचे तंतू जिवाणूंचे असू शकतात.

सर्वात जास्त फसवतात त्या वनस्पतीच्याच गोष्टी. झायलेममधल्या, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या ऊतीतल्या, वाहिन्यांत शेजारच्या पेशींचे फुगे शिरतात, त्यांना टायलोसिस म्हणतात. आडव्या छेदात ते बीजाणूंच्या घोसासारखे दिसतात. पेशीत आकसून गोळा झालेला पेशीद्रव तर हुबेहूब बीजाणू वाटतो. खरा बीजाणू ओळखायचा तर त्याला भिंत हवी, शक्यतो थर असलेली, आणि कुठेतरी तंतूशी जोडल्याची खूण हवी. प्रत्येक पेशीत बरोबर एकच गोळा आणि प्रत्येक गोळ्याचा आकार पेशीप्रमाणे बदलतोय, तर तो पेशीद्रव समजा.

टप्पा ५: नकाशा काढा

तंतू जुना ठरला की मोठं करून बघण्याची घाई होते. ती आवरा. कमी मोठेपणावर पूर्ण अवयवाचं चित्र काढा: एपिडर्मिस (बाहेरची त्वचा), तिच्या आतला बाह्य कॉर्टेक्स, आतला कॉर्टेक्स, झायलेम, फ्लोएम (अन्न वाहून नेणारी ऊती). मग बुरशी कुठे आहे ते रंगाने भरा आणि कुठे नाही तेही तितक्याच काळजीने भरा. ‘नाही’ची नोंद हाच या कामाचा कणा आहे, आणि अहवालांत नेमकी तीच सापडत नाही.

ऱ्हायनी चर्टमधल्या ॲग्लाओफायटॉन या वनस्पतीचं उदाहरण घ्या. १९९४ मध्ये त्याच्यातली आर्बस्क्युलर बुरशी प्रसिद्ध झाली, तेव्हा झाडासारखी फांद्या फुटणारी आर्बस्क्युल तर मिळालीच, पण ती बाह्य कॉर्टेक्समधल्या एका अरुंद पट्ट्यातच होती. कुजवणारी बुरशी असा पट्टा पाळत नाही. या वनस्पतीला खरी मुळंही नव्हती. भागीदारी अक्षांमध्येच, म्हणजे खोडासारख्या भागांतच, चालली होती. त्यामुळे ‘मूळ नाही, म्हणून मायकोरायझा शक्य नाही’ हा युक्तिवाद जुन्या वनस्पतींना लावू नका.

तपासणी: त्याच वनस्पतीचे निदान काही वेगळे तुकडे बघितलेत का? एकाच मुळात दिसलेला पट्टा योगायोग असू शकतो.

टप्पा ६: बुरशीचं वर्णन

आता मोठं करा. तंतूची जाडी अनेक ठिकाणी मोजा आणि किमान-कमाल दोन्ही लिहा. आडपडदे, म्हणजे तंतूला आतून विभागणाऱ्या आडव्या भिंती, आहेत का, फांद्या कशा फुटतात, टोकं फुगलेली आहेत का, बीजाणू टोकाला आहे की तंतूच्या मध्ये, हे पाहा.

आडपडद्यांबाबत घाई नको. सिलिकेतली आडवी भेग आणि दुमडलेला तंतू दोन्ही पडद्यासारखे दिसतात. खरा पडदा तंतूच्या दोन्ही भिंतींना जाऊन मिळतो आणि त्याच तंतूवर पुढेही सापडतो. क्लॅम्प दिसला, म्हणजे पडद्याजवळ बाहेरून वळून जाणारी छोटी कमान, तर ती बॅसिडिओमायसिट (अळंबी ज्यात येतात त्या) गटाची पक्की खूण आहे.

पडदे नाहीत म्हणून लगेच ग्लोमसच्या, म्हणजे आर्बस्क्युलर मायकोरायझा करणाऱ्या बुरशीच्या, गटात टाकू नका. ऊमायसीट्सचे तंतूही बहुधा बिनपडद्याचे असतात आणि ते बुरशी नव्हेतच. त्यांचा वंश वेगळा आहे. गोल ऊगोनियम (मादी अवयव) आणि त्याला चिकटलेलं ॲन्थेरिडियम (नर अवयव) दिसलं तर तुम्ही ऊमायसीट बघताय.

आणि ‘आर्बस्क्युल’ हा शब्द जपून वापरा. पेशीत तंतूंचा गुंता दिसला म्हणून ते आर्बस्क्युल होत नाही. एक जाड तंतू पेशीत शिरतो, मग दुभंगत दुभंगत बारीक होत जातो, आणि तो पेशीतून पलीकडे निघून जात नाही, ही तिन्ही लक्षणं हवीत. हे जुळलं तर पुरावा फार बळकट होतो, कारण आजच्या वनस्पतींत आर्बस्क्युल काही दिवसच टिकतं आणि जिवंत पेशीतच बनतं. जीवाश्मात ते सापडलं, म्हणजे सिलिकेने गाठलं तेव्हा ती पेशी जिवंत होती किंवा नुकतीच मेली होती.

टप्पा ७: नातं ठरवणं

इथे बुरशीपेक्षा वनस्पतीकडे जास्त बघा. मेलेली पेशी प्रतिसाद देत नाही. प्रतिसाद दिसला तर बुरशी आली तेव्हा झाड जिवंत होतं, एवढं तरी नक्की होतं.

प्रतिसाद कसे असतात? आत शिरणाऱ्या तंतूभोवती पेशीभित्तिकेचं आवरण चढतं. आजूबाजूच्या पेशी भिंती जाड करतात. बाधित पेशी अवाजवी फुगते. ऱ्हायनीच्या नोथिया या वनस्पतीत शास्त्रज्ञांना एकाच झाडात तीन वेगळ्या बुरश्या आणि त्यांना मिळालेले वेगवेगळे प्रतिसाद दिसले. तिथल्याच पॅलिओनिटेला या शैवालात कायट्रिड बुरशीने बाधलेल्या पेशी शेजारच्या पेशींपेक्षा कितीतरी मोठ्या झाल्या आहेत. एकाच अवयवात एकाहून अधिक बुरश्या असू शकतात, म्हणून प्रत्येक प्रकाराचं नातं स्वतंत्र ठरवा.

मायकोरायझा म्हणायचं असेल तर ऊती निरोगी असावी, बुरशी ठरावीक पट्ट्यात असावी, आणि आर्बस्क्युलसारखी देवाणघेवाणीची रचना असावी. एक्टोमायकोरायझासाठी मुळावरचं आवरण आणि पेशींच्या मधून जाणारं हार्टिगचं जाळं दोन्ही दाखवा. कॅनडातल्या इओसीन काळातल्या प्रिन्स्टन चर्टमध्ये पाइनच्या मुळांवर ते दिसलं आहे. अन्नाची देवाणघेवाण मात्र दगडात दिसत नाही. ती आपण रचनेवरून अनुमानतो, आणि लेखातही ‘अनुमान’ असंच लिहायचं.

परजीवी म्हणायला प्रतिसाद आणि नुकसान दोन्ही हवं, आणि नुकसान बुरशीच्या जागेशी जुळायला हवं.

कुजवणारी बुरशी सहसा ऊतींच्या सीमा पाळत नाही, भिंती आरपार छेदते, पेशी कोसळलेल्या असतात, प्रतिसाद नसतो. लाकडात ती ठसा ठेवून जाते. अंटार्क्टिकातल्या ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या मुळांत, म्हणजे व्हर्टेब्रारियात, लाकडामध्ये पोकळ्या पडलेल्या दिसतात आणि त्यांच्या कडेच्या पेशींवर कुजण्याच्या खुणा आहेत. इंटरट्रॅपियनमधल्या ताडवर्गीय खोडांबाबत ही शक्यता सर्वांत आधी तपासा. खोड पडलं, तळ्याकाठी कुजत राहिलं आणि मग अश्मीभूत झालं, हा घटनाक्रम तिथे अगदी स्वाभाविक आहे.

एक शक्यता हमखास विसरली जाते. वनस्पतीत दिसलेली बुरशी वनस्पतीवर जगतच नसेल, दुसऱ्या बुरशीवर जगत असेल. ऱ्हायनीत मोठ्या बीजाणूंच्या आत लहान बुरश्या वाढलेल्या आहेत. बीजाणूत बीजाणू दिसला की थांबा आणि आतला कोणत्या भिंतीला चिकटलाय ते बघा.

पानांवरच्या बुरशीची तऱ्हा वेगळी आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या लिग्नाइटयुक्त थरांत मायक्रोथायरिएसी कुलातल्या बुरशीची चपटी, ढालीसारखी फळं मिळतात. त्यांना दगडाचे छेद लागत नाहीत. गाळ विरघळवून ती वेगळी करतात. सुटी ढाल मिळाली तर ती दमट, उबदार हवेची साक्ष देते, पण कोणत्या झाडाची होती ते सांगत नाही. नातं सांगायचं तर ढाल क्युटिकलवर, म्हणजे पानाच्या मेणचट बाह्य थरावर, चिकटलेलीच सापडायला हवी.

आणि पुरावा अपुरा असेल तर ‘नातं अनिश्चित’ लिहा. हा पूर्ण, सन्मान्य निष्कर्ष आहे. मार्गदर्शकांनीही विद्यार्थ्याला यापुढे ढकलू नये, ही माझी मनापासून विनंती.

टप्पा ८: फोटो, नाव आणि जतन

फोटोंवर मोजपट्टी घाला आणि वेगवेगळ्या फोकसला सलग फोटो घ्या. स्टेजवरचे दोन्ही अंक, म्हणजे त्या जागेचे निर्देशांक, स्लाईड क्रमांकासोबत लिहा. हे लिहिलं नाही तर दुसऱ्या कुणाला ती पेशी पुन्हा सापडणार नाही आणि तुमचा पुरावा तपासता येणार नाही.

बहुतेक कामांत नवं नाव द्यायची गरजच नसते. ‘प्रकार १’, ‘प्रकार २’ पुरतं. दोन आडपडदे आणि एक गोल बीजाणू एवढ्यावर नवी प्रजाती उभी करू नका. खरंच नवी असेल तर होलोटाइप, म्हणजे नावाचा अधिकृत आधार-नमुना, म्हणून नेमकी स्लाईड ठरवा, ती कायमस्वरूपी संग्रहात जमा करा, आणि इंग्रजी किंवा लॅटिनमध्ये वर्णन द्या. १ जानेवारी २०१३ पासून बुरशीच्या नव्या नावाला मायकोबँक किंवा इंडेक्स फंगोरमसारख्या मान्य नोंदणीस्थळाचा क्रमांक लागतो, आणि तो नियम जीवाश्म बुरशीलाही लागू आहे. जीवाश्मशास्त्राच्या लेखांत हा क्रमांक राहून जातो आणि मग नाव वैध ठरत नाही.

छेदांवरचं तेल पुसून ते कोरड्या पेटीत ठेवा. ज्या दगडातून छेद काढले त्याचे उरलेले काप त्याच क्रमांकाने सोबत ठेवा आणि ज्या संग्रहात जमा करताय तिथल्या नोंदवहीत ठिकाण, थर आणि वरच्या बाजूचा बाण ही माहिती स्वतः उतरवून या.